टुंड्रावरची साक्ष : फ्रँकलिन मोहीम, डॉ. जॉन रे आणि इनुइट

१/ २१ एप्रिल १८५४. उत्तर कॅनडातील पेली उपसागराजवळ, जिथे एकही झाड दृष्टीस पडत नाही अशा हिमाच्छादित प्रदेशात, एका स्कॉटिश डॉक्टरची एका इनुइट प्रवाशाशी गाठ पडली. त्या प्रवाशाच्या डोक्याला सोनेरी पट्टी बांधलेली होती. ती ब्रिटिश नौदलातील एखाद्या अधिकाऱ्याच्या टोपीवरची असावी. #थ्रेड #इतिहास

२/ त्या पट्टीमागची हकिकत लंडनला पोहोचली तेव्हा इंग्लंड हादरले. ज्यांनी ती सांगितली त्यांना खोटारडे आणि क्रूर ठरवण्यात आले. ज्याने ती पोहोचवली त्याच्या वाट्याला आयुष्यभराची उपेक्षा आली. ती हकिकत खरी असल्याचा भौतिक पुरावा हाती यायला सुमारे १४० वर्षे लागली. हा धागा त्या साक्षीचा.

३/ प्रथम भूमी पाहू. वृक्षरेषेच्या उत्तरेला टुंड्रा सुरू होतो. येथील जमीन खाली कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात केवळ वरचा पातळ थर वितळतो, त्यामुळे मोठ्या झाडांची मुळे खोल जाऊच शकत नाहीत. उगवते ते शेवाळ, दगडफूल आणि जमिनीलगत पसरणारी खुरटी विलोची झुडपे. हिवाळ्यात तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरते.

४/ या प्रदेशाचे रहिवासी म्हणजे इनुइट. त्या काळच्या कागदपत्रांत त्यांना 'एस्किमो' म्हटले आहे. शेती नाही, इमारती लाकूड नाही, आणि एका जागी वर्षभर पुरेल इतके अन्न नाही. सील, कॅरिबू आणि मासे यांच्या मागोमाग ऋतूनुसार स्थलांतर करणे हाच येथील जीवनक्रम होता. येथे प्रवास हे साहस नव्हते. तो संसार होता.

५/ या संसाराची साधने विलक्षण विचारपूर्वक घडलेली होती. घट्ट बसलेल्या बर्फाचे ठोकळे कापून कुशल माणूस तासाभरात इग्लू उभारत असे. अशा बर्फात हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असल्याने आतली ऊब बाहेर जात नाही. मऊ दगडाच्या पसरट दिव्यात सीलची चरबी जाळली की प्रकाश, उष्णता आणि पिण्याचे पाणी या तिन्ही गोष्टी साधत.

६/ अंगावर कॅरिबूच्या कातड्याचे दोन थर : आतल्याचे केस त्वचेकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. ही शिवण स्त्रियांच्या हातची असे आणि एक टाका सैल राहिला तरी बोटे गमावण्याची वेळ येई. घसरगाडीच्या धावांवर ओल्या मातीचा लेप गोठवून त्यावर पाण्याचा पातळ थर चढवीत. मग जड ओझेही सहज घसरत जाई.

७/ परंतु सर्वांत मोठे साधन होते स्मरण. सीलची श्वासछिद्रे कोठे असतात, कॅरिबू कोणत्या वाटेने येतात, कोणता किनारा उपाशी ठेवतो, हे सारे स्थळनामांत आणि कथनांत साठवलेले होते. अंतर मोजले जाई ते प्रवासाच्या दिवसांत. चुकीची माहिती देणे म्हणजे ऐकणाऱ्याला मृत्यूच्या वाटेवर पाठवणे. म्हणूनच जे पाहिले ते नेमके सांगण्याला तेथे मोल होते.

८/ आता इंग्लंडकडे वळू. अटलांटिकमधून उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिकमध्ये नेणारा 'वायव्य मार्ग' शोधणे, ही ब्रिटिश नौदलाची जुनी महत्त्वाकांक्षा. १९ मे १८४५ रोजी सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे त्यासाठी निघाली. ग्रीनलँडहून पाच जण परतल्यानंतर जहाजांवर १२९ माणसे उरली.

९/ तयारीत उणीव नव्हती, निदान लंडनच्या दृष्टीने. बर्फाशी टक्कर देण्यासाठी लोखंडाने मढवलेले नाळ, वाफेची इंजिने, तीन वर्षांचा शिधा, हजाराहून अधिक पुस्तकांचे ग्रंथालय, चांदीचे काटेचमचे. नव्हते ते एवढेच : जहाज सोडावे लागले तर टुंड्रावर जगायचे कसे, याचे ज्ञान असलेला एकही इनुइट सोबती.

१०/ जुलै १८४५ च्या अखेरीस बॅफिन उपसागरात देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी त्यांना पाहिले. त्यानंतर काहीही नाही. १८४८ पासून शोधमोहिमांचा ओघ सुरू झाला. १८५० मध्ये बीची बेटावर तीन थडगी सापडली, पण जहाजे पुढे कोठे गेली हे कळेना. अखेर नौदलाने जाहीर केले की ३१ मार्च १८५४ नंतर या माणसांना मृत समजले जाईल.

११/ येथे त्या स्कॉटिश डॉक्टरचा प्रवेश होतो. डॉ. जॉन रे, जन्म १८१३, ऑर्कनी बेटे. एडिंबरोत वैद्यकशास्त्र शिकून ते हडसन्स बे कंपनीच्या नोकरीत शिरले आणि मूस फॅक्टरी या ठाण्यावर सुमारे दहा वर्षे डॉक्टर होते. तेथील क्री लोकांकडून ते बर्फजोडे घालून चालणे आणि हिवाळी शिकार शिकले.

१२/ १८४६-४७ मध्ये रिपल्स उपसागराच्या काठी, म्हणजे आजच्या नाउयात येथे, रे यांनी मूठभर माणसांसह हिवाळा काढला. शिधा थोडाच होता. उरलेले अन्न शिकारीतून मिळवायचे होते. त्यांनी दगडी घर बांधले आणि त्यात ते थंडीने गारठले. शेजारच्या इनुइट कुटुंबांची बर्फाची घरे मात्र उबदार होती. १८५३-५४ च्या हिवाळ्यात रे यांची तुकडी इग्लूंमध्ये राहिली.

१३/ इनुइटांनी त्यांना 'अग्लूका' म्हणजे लांब टांगा टाकणारा असे नाव दिले. नौदलातील अनेकांना मात्र एका सुशिक्षित ब्रिटिश माणसाने 'रानटी' लोकांसारखे खावे, ल्यावे आणि राहावे हे कमीपणाचे वाटे. नौदलाची रीत वेगळी होती : लोकरी गणवेश, कापडी तंबू आणि खलाशांनी दोर खांद्याला लावून ओढलेल्या अवजड घसरगाड्या.

१४/ १८५४ मध्ये रे फ्रँकलिनच्या शोधात निघालेच नव्हते. बूथिया द्वीपकल्पाच्या किनाऱ्याचे उरलेले सर्वेक्षण पुरे करणे हे त्यांचे काम होते. सोबत दुभाषा होता विल्यम उलिगबक, स्वतः इनुइट. त्याच्या वडिलांनी १८२०च्या दशकात खुद्द फ्रँकलिन यांच्या खुष्कीच्या मोहिमेत काम केले होते.

१५/ सोनेरी पट्टी बांधलेल्या त्या माणसाचे नाव इनुकपुझिजुक. तो म्हणाला : पश्चिमेला दहा-बारा दिवसांच्या वाटेवर, एका मोठ्या नदीपलीकडे, पस्तीस-चाळीस गोरे लोक उपासमारीने मेले. आपण ते स्वतः पाहिलेले नाही, इतरांकडून ऐकले आहे, हेही त्याने स्पष्ट सांगितले. रे यांनी पट्टी विकत घेतली आणि आणखी वस्तू असतील तर घेऊन या, असा निरोप दिला.

१६/ पुढे जाऊन रे यांनी किंग विल्यम हा भूभाग बेट असल्याचे पाहिले. त्याच्या पूर्वेकडील सामुद्रधुनी आज 'रे सामुद्रधुनी' म्हणून ओळखली जाते. वायव्य मार्ग जहाजाने प्रथम पार करणारा नॉर्वेजियन रोआल्ड आमुनसेन १९०३-०६ च्या सफरीत याच वाटेने गेला. त्याच सफरीत त्याने याच बेटावर दोन हिवाळे राहून इनुइटांकडून प्रवासविद्या शिकून घेतली.

१७/ मे अखेरीस रे रिपल्स उपसागराला परतले, तेव्हा इनुइट वस्तू घेऊन आले : चांदीचे काटेचमचे, त्यांवर अधिकाऱ्यांची कुलचिन्हे, फ्रँकलिन यांचे नाव कोरलेली छोटी चांदीची तबकडी आणि त्यांचे मानपदक. रे यांनी वेगवेगळ्या लोकांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. उत्तरे जुळत होती.

१८/ हकिकत अशी : चार हिवाळ्यांपूर्वी सुमारे चाळीस गोरे लोक होडी आणि घसरगाड्या ओढीत बर्फावरून दक्षिणेकडे जाताना दिसले. जहाज बर्फाने चिरडले, आता शिकारीच्या प्रदेशाकडे चाललो आहोत, असे त्यांनी खुणांनी सांगितले. सारे खंगलेले होते. त्यांनी इनुइटांकडून सीलचे मांस विकत घेतले.

१९/ पुढे त्याच वर्षी मुख्य भूमीवर सुमारे तीस आणि जवळच्या एका बेटावर पाच प्रेते आढळली. काही तंबूत, काही उलट्या केलेल्या होडीखाली. एकाच्या खांद्याला दुर्बीण अडकवलेली होती आणि अंगाखाली दुनळी बंदूक होती. प्रेतांची अवस्था आणि भांड्यांत उरलेले पदार्थ पाहता, शेवटी जगण्यासाठी त्यांनी आपल्याच मृत सोबत्यांचे मांस खाल्ले होते.

२०/ रे यांच्यापुढे प्रश्न होता. बर्फ वितळू लागला होता; घटनास्थळी जायचे तर आणखी एक वर्ष थांबावे लागणार. तिकडे शोधपथके चुकीच्या दिशेला जीव धोक्यात घालीत होती. त्यांनी तातडीने लंडन गाठण्याचे ठरवले आणि नौदल कार्यालयासाठी, म्हणजे ॲडमिरल्टीसाठी, ऐकले ते सर्व अहवालात लिहिले.

२१/ २३ ऑक्टोबर १८५४ रोजी तो अहवाल 'द टाइम्स'मध्ये छापून आला, नरमांसभक्षणाच्या वाक्यासह. क्रिमियन युद्ध सुरू होते आणि देशाला वीर हवे होते. ब्रिटिश नौदलाचे अधिकारी असे वागू शकतात हे मान्य करण्याची कोणाचीच तयारी नव्हती. फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी जेन यांनी पतीच्या कीर्तीच्या रक्षणासाठी त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय लेखकाची भेट घेतली.

२२/ तो लेखक म्हणजे चार्ल्स डिकन्स. डिसेंबर १८५४ मध्ये आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात त्यांनी दोन भागांत लेख लिहिला. त्यांचा युक्तिवाद असा : बातमी सांगोवांगीची आहे, दुभाषा भरवशाचा नाही, आणि शिस्तबद्ध इंग्रज अधिकारी असे करणारच नाहीत. उलट इनुइटांनीच त्या दुर्बळ माणसांना ठार केले नसेल कशावरून?

२३/ या युक्तिवादाची बैठक पाहण्यासारखी आहे. साक्षीतील एकही तपशील डिकन्स खोडून काढत नाहीत. साक्षीदार कोण आहे, यावरच त्यांचा सारा भर आहे. 'रानटी' माणूस स्वभावतः लोभी आणि दगाबाज असतो, म्हणून त्याचे म्हणणे अग्राह्य. 'सभ्य' माणूस स्वभावतः संयमी असतो, म्हणून त्याच्याविरुद्धचे म्हणणे असंभव. पुरावा तपासण्यापूर्वीच निकाल ठरलेला होता.

२४/ डिकन्स यांनी रे यांना उत्तर देण्याची संधी दिली आणि ते उत्तर त्याच साप्ताहिकात छापले, हेही नोंदवले पाहिजे. रे यांनी लिहिले ते अनुभवाच्या बळावर : उलिगबकला इंग्रजी उत्तम येते, वेगवेगळ्या लोकांची कथने जुळतात, आणि ज्या इनुइटांमध्ये आपण हिवाळे काढले त्यांचे वर्तन खलाशांपेक्षा उणे नव्हते.

२५/ पण ही लढत बरोबरीची नव्हती. एका बाजूला इंग्रजी गद्याचा सम्राट, दुसऱ्या बाजूला कंपनीचा एक डॉक्टर. आणि ज्यांच्यावर खुनाचा संशय घेतला गेला ते इनुइट या वादात कोठेच नव्हते. आपल्यावर काय आरोप झाला आहे हे त्यांना कळण्याचाही मार्ग नव्हता.

२६/ भारतीय वाचकाला येथे एक धागा ओळखीचा वाटेल. तीनच वर्षांनी, १८५७ च्या उठावाच्या बातम्या लंडनला पोहोचल्या, तेव्हा याच डिकन्स यांनी ४ ऑक्टोबर १८५७ च्या एका खासगी पत्रात, आपण भारतात सरसेनापती असतो तर त्या वंशाचा समूळ नाश करण्याचा प्रयत्न केला असता, अशा आशयाचे उद्गार काढले. गरीब इंग्रजांविषयी अपार करुणा असलेल्या लेखणीची सहानुभूती साम्राज्याच्या सीमेवर थांबत होती.

२७/ १८५६ मध्ये फ्रँकलिनच्या मोहिमेचा अंत उलगडल्याबद्दलचे १०,००० पौंडांचे इनाम रे आणि त्यांच्या माणसांना मिळाले. 'सर' हा किताब मात्र रे यांना कधीच मिळाला नाही. लेडी फ्रँकलिन यांनी पाठवलेल्या मोहिमेचा प्रमुख लिओपोल्ड मॅक्लिंटॉक १८५९ मध्ये परतला आणि त्याला तो मिळाला. त्याच्या मोहिमेला किंग विल्यम बेटावर एक लेखी चिठ्ठी सापडली होती.

२८/ त्या चिठ्ठीवरून कळले की जहाजे सप्टेंबर १८४६ पासून बर्फात अडकली होती. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी मरण पावले. २२ एप्रिल १८४८ रोजी जहाजे सोडण्यात आली. तोवर २४ जण दगावले होते. उरलेले १०५ जण क्रोझियर आणि फिट्झजेम्स या कप्तानांसह दक्षिणेकडील बॅक नदीच्या दिशेने निघाले. इनुइटांनी सांगितलेली दिशा आणि नदी अगदी बरोबर होती.

२९/ मॅक्लिंटॉकला घसरगाडीवर चढवलेली एक अवजड होडीही सापडली. तीत दोन सांगाडे होते, आणि चहा, चॉकलेट, रेशमी रुमाल, पुस्तके, चांदीचे काटेचमचे. उपासमारीने खंगलेली माणसे हे ओझे बर्फावरून ओढीत होती. टुंड्रावर प्रवास करणारे इनुइट कुटुंब यातील बहुतेक वस्तू पहिल्याच मुक्कामी टाकून गेले असते.

३०/ तथापि, 'इनुइटांसारखे राहिले असते तर सगळे वाचले असते' हा निष्कर्षही घाईचा ठरेल. बेटाचा वायव्य किनारा इतका निकृष्ट, की इनुइटही तेथे क्वचित जात. टुंड्रा लहान गटांना पोसतो. १०५ माणसांना एकाच जागी नव्हे. वाटेत भेटलेली चार इनुइट कुटुंबे मांस देऊन दुसऱ्या सकाळी निघून गेली. इतक्यांना जगवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

३१/ पुढील पिढीतील काही शोधकांनी इनुइटांना विचारण्याचा मार्ग धरला. अमेरिकन चार्ल्स फ्रान्सिस हॉल याने तक्कुलित्तुक आणि इपिरविक या इनुइट दांपत्याच्या मदतीने कथने नोंदवली. १८६९ मध्ये त्याला इनुकपुझिजुक भेटला, तोच सोनेरी पट्टीवाला. मधल्या काळात त्याने एरेबस उपसागराचा किनारा स्वतः पाहिला होता. तेथील होडीजवळ करवतीने कापलेली माणसांची हाडे पडली होती, असे त्याने सांगितले.

३२/ १८७८-८० मध्ये फ्रेडरिक श्वाट्काची तुकडी इनुइट कुटुंबांसोबत, त्यांच्याच पद्धतीने शिकार करीत, सुमारे वर्षभर फिरली. तिला पुहतुराक नावाच्या वृद्धाने सांगितले की उत्युलिक या भागात एक मोठे जहाज बर्फासह वाहत आले, आत एका गोऱ्या माणसाचे प्रेत होते, आणि पुढे ते जहाज तेथेच बुडाले. ही नोंदही दीर्घकाळ कागदावरच राहिली.

३३/ १९९३ मध्ये एरेबस उपसागराच्या काठी पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. किमान ११ माणसांची जवळपास ४०० हाडे मिळाली. १९९७ मध्ये ॲन कीनलीसाइड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्यांपैकी ९२ हाडांवर धातूच्या पात्याच्या खुणा होत्या, मांस सोडवताना पडतात तशा. रे यांनी लिहिलेले आणि इनुकपुझिजुकने सांगितलेले हाडांनीच मान्य केले.

३४/ सप्टेंबर २०१४ मध्ये 'एरेबस' सापडले. जागा : उत्युलिकचा परिसर, म्हणजे इनुइट कथनांत सांगितलेला भाग. ही कथने अनेक वर्षे गोळा करणारे इनुइट इतिहासकार लुई कामूकाक यांच्या कार्याचा या शोधाच्या संदर्भात गौरव झाला. २०१६ मध्ये 'टेरर' सापडले ते सॅमी कोगविक या इनुइट रेंजरने बर्फातून वर आलेल्या डोलकाठीची आठवण सांगितल्यामुळे.

३५/ २०२४ मध्ये डीएनए चाचणीने एरेबस उपसागरातील त्या हाडांपैकी एका जबड्याची ओळख पटली. तो होता जेम्स फिट्झजेम्स यांचा, १८४८ च्या चिठ्ठीवर स्वाक्षरी करणाऱ्या कप्तानाचा. त्या जबड्यावरही पात्याच्या खुणा आहेत. हुद्दा, शिस्त आणि कूळ माणसाला भुकेपासून वाचवतात, हा डिकन्स यांचा मूळ विश्वास येथे संपतो.

३६/ जॉन रे १८९३ मध्ये लंडनला वारले आणि ऑर्कनीतील सेंट मॅग्नस कॅथीड्रलच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. फ्रँकलिन यांचे स्मारक वेस्टमिन्स्टर ॲबीत १८७५ मध्येच उभे राहिले होते. रे यांची साधी स्मृतिशिला तेथे बसली ती सप्टेंबर २०१४ मध्ये, 'एरेबस' सापडले त्याच महिन्यात.

३७/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? मौखिक साक्ष नेहमीच बिनचूक असते, असे नव्हे. रे यांना मिळालेल्या कथनांवरून काढलेला काळ आणि लेखी चिठ्ठीतील काळ यांत तफावत आहे. अनेक गोऱ्या प्रवाशांना 'अग्लूका' हेच नाव मिळाल्याने कथनांत गुंतागुंतही झाली. म्हणून प्रश्न विचारावे लागतात, कथने ताडून पाहावी लागतात, जमिनीवर जाऊन शोधावे लागते.

३८/ रे यांनी मे १८५४ मध्ये यांतील पहिल्या दोन गोष्टी केल्या आणि तिसरी न करता आल्याचे अहवालात लपवले नाही. डिकन्स यांनी यांतील एकही केली नाही. आज या दोन्ही जहाजांच्या स्थळांवर इनुइट रक्षक पहारा देतात, आणि जहाजांतील वस्तूंच्या मालकीत कॅनडा सरकारबरोबर इनुइटांचाही वाटा आहे. ज्यांची साक्ष नाकारली गेली, त्यांच्याच हाती आता तो पुरावा आहे. (समाप्त)